एक्सप्लोरर मॅकवरून उचलला का? फाइल मॅनेजरची जुनी गोष्ट, जरा सविस्तर

प्रश्न असा आलाय की विंडोज ९५ मधला एक्सप्लोरर (फाइली-फोल्डर बघायचा प्रोग्रॅम, इंटरनेटवाला नव्हे) म्हणजे ॲपलच्या फाइंडरची नक्कल का, आणि डावीकडे फोल्डरचं झाड नि उजवीकडे फाइलींची यादी ही पद्धत नेमकी आली कुठून. मी १९८९ पासून पुण्यात ऑफिसांचे आणि प्रेसवाल्यांचे पीसी सांभाळले, मधे काही वर्षं मॅकही हाताळले, त्यामुळे यातलं बरंचसं रोजच्या कामात हाताखालून गेलंय. थोडक्यात सांगायचं तर आयकॉन, फोल्डरचं चित्र, कचऱ्याचा डबा हे मॅकच्या घराण्यातून आलं, झाड मात्र नाही. झाड डॉसवाल्यांचं (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची पीसीची सिस्टम), आणि ते हार्ड डिस्कमुळे आलं. पण एवढ्यावर थांबलं तर मजा कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

फोल्डरचं चित्र, कागदाचं चित्र, टेबलावर पसारा मांडल्यासारखी स्क्रीन हे सगळं विकायच्या मशीनमध्ये पहिल्यांदा आलं ते झेरॉक्सच्या स्टारमध्ये, १९८१ साली. किंमत १६,५९५ डॉलर, म्हणजे घरच्या माणसाचा विषयच नाही. त्यात गंमत अशी की फाइल ओढून दुसरीकडे टाकणं हा प्रकारच नव्हता. कीबोर्डवर मूव्ह, कॉपी, डिलीट अशी स्वतंत्र बटणं होती, आधी आयकॉन निवडायचा, मग बटण दाबायचं, मग कुठे न्यायचंय तिथे क्लिक करायचं. मला ही पद्धत आजही जास्त सुरक्षित वाटते, कारण ओढताना हात सुटला की फाइल भलत्याच ठिकाणी पडते, आणि अशा पडलेल्या फाइली शोधण्यात माझ्या नोकरीची कितीतरी वर्षं गेली आहेत, त्याबद्दल पुढे येतंच.

मग जानेवारी १९८३ मध्ये ॲपलची लिसा आली, ९,९९५ डॉलरला, सोबत ५ एमबीची हार्ड डिस्क. लिसामध्ये 'आधी प्रोग्रॅम उघडा, मग त्यात नवीन फाइल घ्या' असं नव्हतंच. स्क्रीनवर कोऱ्या कागदांचं पॅड असायचं, त्यावर डबल क्लिक केलं की एक पान फाटून निघायचं आणि तेच तुमचं नवीन डॉक्युमेंट. फाइलचं नाव म्हणजे नुसती वर चिकटवलेली चिठ्ठी, एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाची दोन डॉक्युमेंटं चालायची कारण मशीन आतून नावावर अवलंबून नव्हतं. हा विचार किती पुढचा होता ते, डॉसच्या आठ अक्षरी नावांत ज्यांनी दहा वर्षं काढलीत त्यांनाच कळेल. पण लिसा महाग आणि हळू, चालली नाही.

आता मॅकिंटॉश. जानेवारी १९८४, किंमत २,४९५ डॉलर, मेमरी १२८ के, हार्ड डिस्क नाही, एक ४०० केची फ्लॉपी. फाइंडर लिहिला ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी. लोकांना वाटतं की मॅकवर फोल्डर पहिल्या दिवसापासून होते. दिसायला होते, डिस्कवर नव्हते! पहिल्या मॅकच्या फ्लॉपीवर सगळ्या फाइली एकाच सपाट यादीत असायच्या, आणि कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये दाखवायची ही नोंद फक्त फाइंडर स्वतःकडे ठेवायचा. म्हणून फाइंडरमध्ये तुम्ही दोन फोल्डर नीट लावून ठेवले तरी मॅकराइटमध्ये (मॅकवरचा लिहायचा प्रोग्रॅम) जाऊन ओपन केलं की फोल्डर गायब, सगळ्या फाइली एका ओळीत. आणि दोन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ठेवता यायच्या नाहीत, कारण खाली यादी एकच. नवीन फोल्डर बनवायची कमांडही सुरुवातीला नव्हती, डिस्कवर एक 'एम्प्टी फोल्डर' कायम पडलेला असायचा, त्याला नाव दिलं की शेजारी दुसरा रिकामा उगवायचा.

आज हे ऐकून अर्धवट काम वाटेल, पण ४०० केच्या फ्लॉपीवर सिस्टमची जागा वजा करून उरतंय काय? पाचपंचवीस फाइली. तेवढ्यासाठी झाड कशाला हवं, टेबलावर मांडल्या की झालं. सप्टेंबर १९८५ मध्ये ॲपलने मॅकसाठी २० एमबीची हार्ड डिस्क काढली आणि लगेच सपाट यादी मोडली, त्याच डिस्कबरोबर खरे फोल्डर असलेली नवी फाइल सिस्टम आणावी लागली, पुढे जानेवारी १९८६ च्या मॅक प्लसमध्ये ती रॉममध्येच, म्हणजे मशीनच्या कायमच्या चिपमध्येच आली. तेव्हा हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळीकडे हेच दिसतं: डिस्क जशी, तसा फाइल मॅनेजर.

फाइंडरचं मला आवडायचं ते वेगळंच. एका फोल्डरची एकच खिडकी, आणि ती तुम्ही जिथे सोडली तिथेच, त्याच आकाराची, आतले आयकॉन जसे मांडले तसेच, पुन्हा उघडणार. आपल्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी कुठे आहे हे डोळे मिटून सांगता येतं ना, तसं. मी ज्या प्रेसमध्ये मॅक बघायचो तिथले ऑपरेटर फाइलचं नाव न वाचता हात तिथे न्यायचे. आणि डबल क्लिक केल्यावर कुठला प्रोग्रॅम उघडायचा हे नावाच्या शेपटीवरून ठरत नव्हतं, प्रत्येक फाइलसोबत चार अक्षरांचा प्रकार आणि चार अक्षरांचा 'बनवणारा' असे दोन कोड गुपचूप असायचे. नाव काहीही ठेवा, फाइल आपल्या घरी बरोबर जायची.

याची दुसरी बाजू म्हणजे ही सगळी माहिती एका अदृश्य 'डेस्कटॉप' फाइलमध्ये साठायची आणि ती फाइल बिघडली की सगळे आयकॉन कोऱ्या कागदासारखे. मग मशीन सुरू होताना कमांड आणि ऑप्शन दाबून धरायचं, डेस्कटॉप पुन्हा बांधू का असं ते विचारायचं, हो म्हणायचं आणि चहा प्यायला जायचं. त्यात गेट इन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारी खिडकी) लिहून ठेवलेल्या टिपा मात्र पुसल्या जायच्या. एका ऑपरेटरने प्रत्येक जॉबची प्लेट कधी गेली, पेपर कुठला, हे सगळं त्या टिपांमध्ये लिहिलं होतं आणि मी न विचारता रिबिल्ड केलं. त्यानंतर मी कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी 'तुमच्या नोंदी कुठे असतात' हा प्रश्न पहिला विचारतो.

याच काळातली कमोडोर ६४ ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ६४ केचं घरगुती मशीन, त्यावर १९८६ मध्ये बर्कली सॉफ्टवर्क्सने जिओस काढलं, आणि त्याचा फाइल मॅनेजर म्हणजे एक वही होती, एका पानावर आठ आयकॉन, कोपरा दुमडलेला, तिथे क्लिक केलं की पुढचं पान. आठच का? कारण त्या फ्लॉपीवर फाइलींची यादी ज्या सेक्टरांत (डिस्कवरचे ठरावीक मापाचे तुकडे) असते त्या एका सेक्टरमध्ये बरोबर आठ नोंदी मावतात! म्हणजे एक सेक्टर वाचला की एक पान तयार, सगळी यादी मेमरीत धरायची गरजच नाही. डिस्कवर जास्तीत जास्त १४४ फाइली, म्हणजे अठरा पानं. खाली एक पट्टी असायची, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची फाइल आधी त्या पट्टीवर ठेवायची, मग फ्लॉपी बदलायची, मग पट्टीवरून उचलून नव्या डिस्कवर टाकायची, कारण ड्राइव्ह एकच. हे ज्याने सुचवलं त्याला मी मनापासून दाद देतो.

अमिगा या घरगुती मशीनचं वर्कबेंच (१९८५) रंगीत, एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणारं, फोल्डरला ड्रॉवर म्हणायचं. पण प्रत्येक आयकॉन म्हणजे डिस्कवरची एक वेगळी 'डॉट इन्फो' फाइल, आणि ती नसेल तर मूळ फाइल वर्कबेंचला दिसायचीच नाही. डिस्क भरलेली आणि खिडकी रिकामी. सगळ्या फाइली दाखवायची सोय २.० मध्ये, १९९० साली आली, तोवर लोक कमांड लाइनवर जायचे किंवा बाहेरचे प्रोग्रॅम घ्यायचे. जोनाथन पॉटरचं डिरेक्टरी ओपस त्यातूनच १९९० मध्ये अमिगावर सुरू झालं आणि आजही विंडोजवर विकलं जातं.

पीसीवर मॅकसारखं काही आणायचा पहिला दमदार प्रयत्न डिजिटल रिसर्च कंपनीच्या जेमचा, म्हणजे डॉसवर चढवायच्या खिडक्या-आयकॉनच्या आवरणाचा, १९८५. तो इतका मॅकसारखा होता की ॲपलने कोर्टाची धमकी दिली आणि पुढच्या आवृत्तीत पीसीवरच्या जेम डेस्कटॉपमधून कचऱ्याचा डबा गेला, एकमेकांवर सरकणाऱ्या खिडक्या गेल्या, दोनच खिडक्या राहिल्या, त्याही जागच्या जागी ठोकलेल्या. अटारी एसटी या दुसऱ्या मशीनवरचा जेम तसाच राहिला. आपल्याकडे डीटीपीवाल्यांना जेम माहीत असेल तो व्हेंचुरामुळे, कारण व्हेंचुरा पब्लिशर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर जेमवरच चालायचं, पण सोबत येणारा जेम फक्त व्हेंचुरा चालवण्यापुरता, डेस्कटॉप त्यात नसायचाच, त्यामुळे अनेकांना आपण जेम वापरतोय हे कळलंही नाही.

आता मूळ मुद्दा, झाड. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत डिरेक्टरी (म्हणजे आजचे फोल्डर) नव्हत्या, मॅकच्या पहिल्या फ्लॉपीसारखीच सपाट यादी. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी काढला १० एमबीच्या हार्ड डिस्कसह, आणि त्याच्याबरोबर डॉस २.० आलं, त्यात डिरेक्टरीच्या आत डिरेक्टरी. कारण सरळ आहे, ३६० केच्या फ्लॉपीच्या मुख्य यादीत ११२ नोंदी बसतात आणि तेवढ्या पुरतात, १० एमबीला ते चालणार नाही. पण झालं असं की डिस्कवर झाड आलं आणि माणसाच्या हातात तेच काळं प्रॉम्प्ट राहिलं. सीडी ही कमांड देत एकेका डिरेक्टरीच्या आत जा, यादीसाठी डीआयआर मारा, यादी भुर्रकन वर सरकून जाते, पुन्हा मारा, आपण कुठे आहोत तेच विसरा. हे माझ्या डोळ्यांसमोर रोज व्हायचं, अकाउंट्सची माणसं हुशार होती पण डिस्कच्या आत रस्ता हरवायची.

त्यावर १९८५ मध्ये एक्सट्री आलं. ते टेक्स्ट स्क्रीनवरच, चित्रं वगैरे काही नाही, पण रेषांच्या कॅरेक्टरांनी डिरेक्टरीचं अख्खं झाड काढून दाखवायचं आणि खाली निवडलेल्या डिरेक्टरीतल्या फाइली. सुरू होताना सगळी डिस्क एकदा वाचून घ्यायचं, मग झाडावर वरखाली फिरा, हव्या त्या फाइलींना खूण करा, वेगवेगळ्या डिरेक्टरीतल्या सुद्धा, आणि सगळ्यांना एकदम कॉपी किंवा डिलीट. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं की अरे, या डिस्कला आकार आहे! तोपर्यंत ती माझ्यासाठी नुसती नावांची रांग होती. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, जॉन सोचाने लिहिलेलं नॉर्टन कमांडर आलं, निळी स्क्रीन, दोन पॅनल, टॅबने इकडून तिकडे, एफ५ कॉपी, एफ६ मूव्ह, एफ८ डिलीट. इथे 'कुठून' आणि 'कुठे' दोन्ही सतत समोर असतं, म्हणून चुका कमी. बोटांना ही बटणं अशी बसली की ज्यांनी तेव्हा शिकलं ते आजही टोटल कमांडर वापरताना दिसतील, त्यात तीच बटणं आहेत.

ग्राफिकल नाहीत म्हणून या दोघांना इतिहासातून वगळतात, ते मला पटत नाही. कारण मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोज १.० आणलं त्यात काय होतं? एमएस-डॉस एक्झिक्युटिव्ह. वर ड्राइव्हची छोटी चित्रं, खाली फाइलींची नावं, बस. फाइलींना आयकॉन नाही, झाड नाही. म्हणजे डीआयआरची यादी, फक्त माऊसने क्लिक करता येणारी. विंडोज २ मध्येही तेच. ग्राफिक्स होती पण डिस्कचा नकाशा नव्हता, आणि टेक्स्टवाल्या एक्सट्रीकडे ग्राफिक्स नव्हती पण नकाशा होता. लोकांनी नकाशा निवडला. डॉस ४ पासून डॉसशेल आलं त्यातही डावीकडे झाड उजवीकडे यादी, आणि मे १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर फाइल मॅनेजर आला त्यातही झाड आलं, तेव्हा झाडाची खिडकी वेगळी आणि प्रत्येक डिरेक्टरीची वेगळी. एप्रिल १९९२ च्या ३.१ मध्ये दोन्ही एकाच खिडकीत, मधे सरकणारी रेघ. तुमच्या प्रश्नातली 'डावीकडे झाड, उजवीकडे यादी' ती हीच.

या फाइल मॅनेजरशी माझा संबंध सगळ्यात जास्त, आणि तक्रारीही त्याच्याच जास्त. फोन यायचा, 'सगळी डिरेक्टरीच गेली हो!' गेलेली नसायची. झाडावर क्लिक करताना माऊस किंचित सरकलेला असायचा, ती डिरेक्टरी ओढली जाऊन वरच्या किंवा खालच्या डिरेक्टरीच्या आत जाऊन बसलेली असायची. विंडोज विचारायचं, खरंच हलवू का, पण तो प्रश्न दिवसातून चाळीस वेळा येत असल्यामुळे माणूस न वाचता एंटर मारायचा. माझा पहिला उपाय ठरलेला, आधी शेजारच्या डिरेक्टरीत बघा. दहापैकी आठ वेळा तिथेच. वर आणखी एक घोळ म्हणजे त्याच ड्राइव्हवर ओढलं तर मूव्ह आणि दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं तर कॉपी, हा नियम आजही तसाच चालू आहे, आणि आजही लोक फसतात.

शिवाय विंडोज ३ मध्ये आयकॉन होते ते फाइल मॅनेजरमध्ये नाहीत, प्रोग्रॅम मॅनेजर नावाच्या, प्रोग्रॅम सुरू करायच्या वेगळ्या खिडकीत. तिथले ग्रुप म्हणजे फोल्डर नव्हेत, डिस्कवर त्यांचा पत्ता नाही, एका ग्रुपची सगळी माहिती एका 'डॉट जीआरपी' फाइलमध्ये. ग्रुपच्या आत ग्रुप चालत नाही. तिथला आयकॉन डिलीट केला की फक्त आयकॉन जायचा, प्रोग्रॅम डिस्कवर तसाच, आणि लोक विचारायचे की एवढं डिलीट करून जागा का मोकळी होत नाही. दोन जागा, दोन नियम, आणि समजावणार कसं. मॅकवाल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही कारण त्याच्याकडे आयकॉन म्हणजेच फाइल.

डिलीटचं बघा. मॅकवर फाइल डब्यात जायची, पण सिस्टम ७ येईपर्यंत (१९९१) मशीन बंद केलं की डबा आपोआप रिकामा. डॉस आणि विंडोज ३ मध्ये डबाच नाही. डॉस फाइल पुसत नाही, फक्त नोंदीतलं नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण टाकते आणि ती जागा मोकळी झाली असं समजते. म्हणून अनडिलीट चालवलं की ते तुम्हाला पहिलं अक्षर विचारायचं, बाकीची अक्षरं तशीच असायची. एका प्रेसमध्ये निवडणुकीच्या काळात एका मुलाने डिरेक्टरी साफ केली, माझा फोनवर एकच आग्रह, मशीनवर काहीही सेव्ह करू नका, मी निघालोय. पोचेपर्यंत त्यांनी बिचाऱ्यांनी दोन जॉब नवीन टाइप करून सेव्ह केले होते, नेमके त्याच जागेवर बसले. अर्ध्या फाइली मिळाल्या.

आणि नावं! आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं, तीही रोमनमध्ये. मराठी पत्रिका छापणाऱ्या माणसाने जोशींच्या लग्नाची, जोशींच्याच मुंजीची आणि दुसऱ्या जोशींच्या वास्तुशांतीची पत्रिका आठ अक्षरांत कशी वेगळी ओळखायची? प्रत्येक प्रेसमध्ये एक वही असायची, कुठल्या नावात काय आहे याची. खरा फाइल मॅनेजर तीच. मराठी फाइलनाव नीट देवनागरीत दिसायला आपल्याला विंडोज २००० पर्यंत थांबावं लागलं, देवनागरीची युनिकोड सोय त्यात आली.

मग २४ ऑगस्ट १९९५. विंडोज ९५ मध्ये एक्सप्लोरर आला तो या दोन्ही घराण्यांचं लग्न आहे. 'माय कॉम्प्युटर'वर डबल क्लिक केलं तर झाड नाही, प्रत्येक फोल्डरची नवीन खिडकी, अगदी मॅकसारखी. त्याच आयकॉनवर राइट क्लिक करून 'एक्सप्लोर' म्हटलं तर झाड आणि यादी, फाइल मॅनेजरसारखी. एकाच प्रोग्रॅमची दोन तोंडं. रिसायकल बिन आला, म्हणजे फाइल खरोखर एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जायची, डीसी१, डीसी२ अशा नावांनी, आणि मूळ नाव-पत्ता शेजारच्या एका इन्फो फाइलमध्ये. शॉर्टकट आले, म्हणजे दुसरीकडच्या फाइलकडे नेणारे आयकॉन. मॅकच्या सिस्टम ७ चं एलियस म्हणजे तेच, पण याआधीचं, आणि माझ्या मते जास्त पक्कं, कारण त्यात फाइलचा अंतर्गत नंबर असतो, फाइल हलवली तरी सापडते, शॉर्टकटमध्ये मुख्यतः पत्ता, घर बदललं की शोधाशोध.

२५५ अक्षरांची नावंही आली, आणि ती जुन्याच डिस्कवर कशी बसवली ते फार हुशारीचं काम होतं. लांब नावाचे तेरा-तेरा अक्षरांचे तुकडे करून जास्तीच्या नोंदींमध्ये ठेवायचे आणि त्या नोंदींना अशी विचित्र खूण द्यायची की जुन्या डॉसने त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. पण डिस्क दुरुस्त करणारी जुनी डॉसची टूल्स दुर्लक्ष करत नव्हती, त्यांना तो कचरा वाटायचा आणि ती साफ करून टाकायची. सवयीने जुन्या फ्लॉपीवरून डिस्क ऑप्टिमाइझ केली आणि सकाळी सगळ्या फाइली पुन्हा आठ अक्षरी, मधे ते वाकडं चिन्ह (~) आणि १ चा आकडा. त्या पहिल्या वर्षात मी अशी चार-पाच मशीनं बघितली.

बाकीच्यांचं थोडक्यात, कारण त्यांच्यावर वेगळं लिहिता येईल. नेक्स्ट या (स्टीव्ह जॉब्सच्या) कंपनीच्या मशीनवर १९८९ मध्ये कॉलमची पद्धत आली, डावीकडून उजवीकडे एकेक फोल्डर उलगडत जातो, आणि वर एक फळी, तिथे फाइल तात्पुरती ठेवायची. एकॉर्न या ब्रिटिश कंपनीच्या रिस्क ओएसमध्ये तर सेव्ह करायला डायलॉगमध्ये रस्ता शोधावा लागत नव्हता, प्रोग्रॅम तुम्हाला फाइलचा आयकॉन द्यायचा आणि तो तुम्ही हव्या त्या फोल्डरच्या खिडकीत ओढून टाकायचा. इतकी सरळ गोष्ट विंडोज किंवा मॅकने उचलली नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर विंडोजच्या फोल्डरला बॅक-फॉरवर्डची बटणं लागली आणि फोल्डर वेब पेजसारखे झाले, २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये फाइंडरने नेक्स्टचे कॉलम घेतले, आणि 'एक फोल्डर, एक खिडकी' तिथेच मागे पडलं.

म्हणजे नक्कल का, तर अर्धी. आणि ज्या अर्ध्याला लोक मॅकचं समजतात तेही स्टार आणि लिसामार्गे आलेलं.

हे सगळं स्वतः बघायचं असेल तर दोन सोप्या गोष्टी करा. विंडोज ३ पासून चालत आलेल्या फाइल मॅनेजरचा सोर्स मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहबवर एमआयटी लायसन्सखाली खुला केलाय आणि तो आजच्या विंडोजवर चालतो, माझ्या मशीनवर आहे, मोठी डिस्क उघडून झाडावर फिरून बघा किती झटपट आहे. आणि कुठल्याही एम्युलेटरवर (आजच्या मशीनवर जुनं मशीन उभं करणारा प्रोग्रॅम) १९८४ ची मॅक सिस्टम चालवून एम्प्टी फोल्डरला नाव द्या, दोन फाइली त्यात टाका, मग मॅकराइटमध्ये जाऊन ओपन करा आणि तो फोल्डर यादीत शोधा.